व्हॉल्व्ह निघायला जागा कुठून येणार? कोकणातल्या लाईनसाठी फ्लँज निवडताना

नवी लाईन टाकताना व्हॉल्व्ह बसवणं कोणालाही जमतं. बोल्ट चकचकीत असतात, वेल्डर हाताशी असतो, क्रेन उभी असते. तीन-चार पावसाळे गेले की तोच व्हॉल्व्ह गळायला लागतो. तो काढायला गेलेल्या फिटरचे सगळे बोल्ट निघतात, पण व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. मग टॉमी म्हणजे लोखंडी पहार येते, मग छिन्नी, आणि शेवटी गॅसकटर. ही वेळ फिटर आणत नाही. ड्रॉइंगवर फ्लँज (पाईप आणि व्हॉल्व्ह बोल्टांनी जोडणारी भोकांची चकती) आणि पाईपचा मार्ग ठरवणारा आणतो.

लोटे, महाड किंवा रोहा-धाटावच्या एमआयडीसीत नुकतेच लागलेले, रत्नागिरीकडे कॅनिंगच्या किंवा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणारे, नळपाणी योजनेच्या पंपहाऊसवर नेमलेले, अशांसाठी हा लेख आहे. आधीपासून माहिती असण्याची गरज नाही. स्टीलची टेप आणि लाईनचं ड्रॉइंग जवळ असलं की पुरे.

पहिली पायरी: कोणते व्हॉल्व्ह निघणार, ते ठरवा

प्रत्येक व्हॉल्व्हवर सारखा खर्च करायला कोणी पैसे देत नाही, आणि तशी गरजही नसते. कंट्रोल व्हॉल्व्ह, पंपाच्या डिस्चार्जवरचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), सेफ्टी व्हॉल्व्ह, स्ट्रेनर ही मंडळी अधूनमधून बाहेर येणारच. खाऱ्या पाण्याच्या लाईनवरचा कुठलाही व्हॉल्व्ह याच यादीत धरा. ड्रॉइंगवर या सगळ्यांना लाल पेनाने गोल करा. खाली जे सांगतोय ते मुख्यतः या गोलांसाठी आहे.

दुसरी पायरी: भोकं आणि लांबी जुळवा

दुकानात जाऊन नुसतं ‘चार इंची फ्लँज द्या’ म्हणू नका. चार इंचात निदान चार प्रकारचं ड्रिलिंग बाजारात मिळतं. एएसएमई बी१६.५ या अमेरिकन मानकातल्या क्लास १५० च्या फ्लँजचा बाहेरचा व्यास २२९ मिमी, भोकांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी १९०.५ मिमी, आणि भोकं ८. युरोपीय पद्धतीच्या पीएन १६ मध्ये हेच आकडे २२०, १८० आणि ८ असे आहेत. बीएस १० या जुन्या ब्रिटिश मानकाच्या टेबल डी आणि टेबल ई दोन्हींचा पीसीडी १७८ मिमी, पण डी ला ४ भोकं आणि ई ला ८.

यात टेबल ई आणि पीएन १६ ची जोडी सर्वांत फसवी आहे. पीसीडीत जेमतेम २ मिमीचा फरक असल्याने बोल्ट ठोकून ठोकून बसतात. ठोकून बसलेला बोल्ट ठोकूनच काढावा लागतो, आणि तोवर त्याच्यावर गंज चढलेला असतो. जुन्या कारखान्यात ही भेळ हमखास सापडते. ऑर्डर देण्याआधी लाईनवरचा फ्लँज टेपने मोजा. त्यावर काय रंगवलंय यावर जाऊ नका.

क्लास १५० म्हणजे १५० पौंड दाब, असं नवीन मुलांना वाटतं. तसं नाही. साध्या कार्बन स्टीलचा क्लास १५० फ्लँज नेहमीच्या तापमानाला १९.६ बार झेलतो, तर २०० अंश सेल्सियसला १३.८ बारच. स्टीमच्या लाईनला दुसरा आकडा बघायचा.

दोन फ्लँजांमधली व्हॉल्व्हची लांबी, म्हणजे फेस-टू-फेस, एएसएमई बी१६.१० मध्ये ठरवून दिलेली आहे. चार इंची क्लास १५० गेट व्हॉल्व्ह २२९ मिमी, त्याच मापाचा ग्लोब व्हॉल्व्ह २९२ मिमी. लाँग पॅटर्नचा बॉल व्हॉल्व्ह पुन्हा २२९. त्यामुळे उद्या गेटच्या जागी बॉल टाकायची वेळ आली तर लाईन न कापता जमतं, ग्लोब टाकायचा तर जमत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून शॉर्ट पॅटर्न घेतला की पुढच्या प्रत्येक बदलीला तोच शोधत बसावं लागतं.

तिसरी पायरी: फ्लँजचं तोंड

माझ्या मते निवडीतला खरा निर्णय हा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. व्हॉल्व्ह लाईनमधून पाईपच्या दिशेने निघत नाही. तो आडवा किंवा वर सरकून निघतो. म्हणजे दोन्ही फ्लँजांची तोंडं अशी हवीत की काही अडकणार नाही.

रेझ्ड फेस, म्हणजे मध्ये थोडं उंच तोंड असलेला फ्लँज, यासाठी उत्तम. क्लास १५० आणि ३०० ला ही उंची सुमारे दीड-दोन मिमी असते, दोन सपाट पृष्ठभाग समोरासमोर येतात आणि मधलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, निघालं की व्हॉल्व्ह सरकायला मोकळा होतो. पूर्ण सपाट तोंडाचा फ्लॅट फेसही तसाच. बिडाचे म्हणजे कास्ट आयर्नचे व्हॉल्व्ह, पाणीपुरवठ्याचे स्लुइस व्हॉल्व्ह धरून, बहुतेक सपाट तोंडाचे येतात. त्यांच्यासमोर फ्लॅट फेसच लावा आणि गॅस्केट बोल्टांच्या भोकांपर्यंत पसरलेलं पूर्ण घ्या. समोर रेझ्ड फेस लावून बोल्ट आवळला तर बिडाचा कान तुटतो.

आरटीजे, म्हणजे खाचेत धातूची रिंग बसणारा फ्लँज, जास्त दाबासाठी चांगला, पण काढायच्या दृष्टीने त्रासाचा. चार इंचाला खाच साधारण ६ ते ८ मिमी खोल असते. रिंग खाचेतून सुटेपर्यंत व्हॉल्व्ह आडवा हलणार नाही. दोन्ही बाजू मिळून १२ ते १६ मिमी लाईन मागे रेटावी लागते, आणि ताठ लाईनीत ते होत नाही. टंग-अँड-ग्रूव्हचंही (एका तोंडावर उंचवटा, दुसऱ्यावर खाच) तेच, तिथे खाच ५ मिमीच्या आसपास असते. प्रक्रियेने सक्ती केलेली नसेल तर हे दोन्ही प्रकार टाळा.

मिरकरवाड्यासारख्या बंदरांच्या आजूबाजूला जे बर्फाचे कारखाने असतात, तिथे अमोनियाच्या व्हॉल्व्हना टंग-अँड-ग्रूव्ह बऱ्याचदा दिसेल. तो तिथे मुद्दाम असतो, गॅस्केट दाबाने बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून. सोयीसाठी बदलायला जाऊ नका. अमोनियाची लाईन उघडणं हे नवशिक्याचं कामच नव्हे.

चौथी पायरी: फ्लँजचा प्रकार

वेल्ड नेक फ्लँजला मागे मान असते, ती पाईपला टोकाला टोक लावून जोडतात. महाग असतो, पण खेचाताण सहन करतो. गोल केलेल्या व्हॉल्व्हांना मी हाच सुचवतो, कारण वारंवार उघडताना फ्लँजवर टॉमीचा आणि स्प्रेडरचा (फ्लँज फाकवायच्या हत्याराचा) जोर येतोच.

स्लिप-ऑन पाईपवर सरकवून आतून-बाहेरून दोन वेल्ड मारतात. कमी दाबाच्या पाण्याला, हवेला चालतो. मात्र खाऱ्या पाण्याच्या लाईनला तो घेताना आतला वेल्ड खरंच मारलाय का ते स्वतः वाकून बघा. नसेल तर पाईप आणि फ्लँजच्या मधल्या फटीत पाणी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो. सॉकेट वेल्डमध्ये ही फट रचनेतच असते, म्हणून समुद्राच्या पाण्याला तो नको.

लूज फ्लँज, म्हणजे स्टब एंडवर (पाईपला वेल्ड केलेल्या कडेच्या तुकड्यावर) फिरणारा लॅप जॉइंट, स्टेनलेसच्या लाईनीत लोकप्रिय आहे. पाईपला आणि स्टबला स्टेनलेस, मागची रिंग कार्बन स्टीलची, त्यामुळे पैसे वाचतात आणि भोकं जुळवायला रिंग फिरवता येते. पण रिंग मागे सरकते म्हणून व्हॉल्व्हला जागा होते, हा गैरसमज आहे. गॅस्केट दाबणारं तोंड स्टबचं असतं आणि ते जागचं हलत नाही. शिवाय खारट हवेत ती कार्बन स्टीलची रिंग गंजते आणि फिरणं विसरते. घ्यायचीच तर गॅल्व्हनाइझ केलेली घ्या.

भोकं कुठे येतात तेही वेल्डिंगच्या आधीच बघायचं. नियम असा की सर्वांत वरच्या दोन भोकांच्या बरोबर मधून उभी मध्यरेषा जावी, एकही भोक थेट डोक्यावर नको. दोन भोकांत दोन बोल्ट घालून त्यावर पाणसळ ठेवली की लगेच कळतं. टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके, मारल्यावर बघा, पूर्ण वेल्ड झाल्यावर बघून उपयोग नाही.

पाचवी पायरी: जागा कुठून येणार

चार इंची गेट व्हॉल्व्हचंच उदाहरण घेऊ. व्हॉल्व्ह २२९ मिमी, दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमीचं गॅस्केट, म्हणजे फ्लँज ते फ्लँज २३५ मिमीच्या आसपास. गॅस्केट निघालं तर कागदावर प्रत्येक बाजूला ३ मिमी मोकळे. प्रत्यक्षात जुनं गॅस्केट तोंडाला चिकटलेलं असतं, आणि बोल्ट सुटले की लाईन बहुधा आतच येते, कारण बसवताना ती खेचून आणलेली असते. नवं गॅस्केट न फाटता आत सारायचं तर आणखी दोन-तीन मिमी हवेत. ते पाईपने द्यायचे असतात.

पाईप ते तेव्हाच देतो, जेव्हा त्याला हलायला वाव असतो. लांब सरळ लाईन, दोन्ही टोकांना पंप आणि टाकी, मध्ये क्लॅम्प आवळलेले, तर तिथे एक मिमीही मिळणार नाही. कोकणात आणखी एक अडचण हमखास येते. पंपहाऊसची भिंत चिऱ्याची, पाईप तिच्यातून जाणारा, आणि गवंड्याने भोवतीचं भोक सिमेंटने गच्च बुजवलेलं. आता ती भिंतच अँकर झाली. भिंतीतून जाताना पाईपभोवती मोठ्या मापाचा स्लीव्ह ठेवा आणि मधली जागा लवचिक मालाने भरा.

वाव मिळवायचे तीन मार्ग आहेत.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काढता येणारा स्पूल, म्हणजे दोन्ही टोकांना फ्लँज असलेला पाईपचा तुकडा. व्हॉल्व्हच्या एका बाजूला, एल्बोच्या पलीकडे, आणखी एक फ्लँजची जोडी टाका. व्हॉल्व्हचे आणि स्पूलचे बोल्ट काढले की एल्बोसकट तो तुकडा बाजूला होतो आणि व्हॉल्व्ह हाताने निघतो. स्पूलमध्ये एल्बो असणं महत्त्वाचं आहे. सरळ तुकडा दोन फ्लँजांमध्ये व्हॉल्व्हसारखाच अडकून बसतो. फ्लँज वाढले म्हणजे गळण्याच्या जागा वाढल्या, हे खरं. म्हणून विषारी किंवा ज्वालाग्राही लाईनीत हा मार्ग घेण्याआधी प्रोसेसवाल्यांना विचारा.

पाण्याच्या मोठ्या लाईनीत डिस्मँटलिंग जॉइंट वापरतात. एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, मध्ये रबरी सील, आणि आरपार लांब टाय रॉड. नट ढिले केले की जॉइंट काही मिमी आखूड होतो आणि व्हॉल्व्ह मोकळा होतो. फक्त टाय रॉडशी खेळ नको. ३०० मिमीच्या लाईनीत १० बार दाब असेल तर टोकाला ढकल सात टनांच्या आसपास बसते. टाय रॉड नीट न आवळता पंप चालू केला तर जॉइंट उघडून पाईप बाहेर येऊ शकतो.

तिसरा मार्ग रबरी बेलो, म्हणजे दबणारा-ताणला जाणारा रबरी जोड. पंपाच्या सक्शनला तो कंपन कमी करण्यासाठी बसवलेला असतोच, मग व्हॉल्व्ह त्याच्या शेजारी घेतला की काम होतं. उन्हात आणि तेलात रबर कडक होतं, त्यामुळे वर्षाने एकदा बोटाने दाबून, चिरा पडल्यात का बघावं लागतं.

वेफर बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत फिरणारी डिस्क असलेला, दोन फ्लँजांमध्ये नुसता दाबून बसणारा) घेतला तर लांबी खूप कमी होते, चार इंचाला ५२ मिमी. हलका, स्वस्त, आणि रबरी सीटच गॅस्केटचं काम करते, वेगळं लावायचं नाही. पण फ्लँज पुरेसे न उघडता आत रेटला की तीच सीट दुमडते आणि पहिल्या दिवसापासून गळते. आत घालताना डिस्क जवळजवळ बंद ठेवा, व्हॉल्व्ह मध्यावर आणा, मग डिस्क उघडून ती पाईपला घासत नाही ना ते बघा आणि मगच बोल्ट आवळा. वेफर काढला की दोन्ही बाजू उघड्या पडतात, म्हणजे पूर्ण लाईन रिकामी करावी लागते. एक बाजू भरलेली ठेवून दुसरी उघडायची असेल तर लग प्रकार हवा, ज्यात प्रत्येक बाजूचे बोल्ट वेगळे आटतात. तेही उत्पादकाने तसा वापर लेखी मान्य केला असेल तरच, आणि उघड्या तोंडाला ब्लाइंड (बिनभोकाचा, तोंड बंद करणारा) फ्लँज लावून.

सपोर्ट, पाना आणि चेंबरची भिंत

व्हॉल्व्ह निघाल्यावर पाईप लोंबकळता कामा नये. दोन्ही बाजूंना, फ्लँजच्या जवळ, पाईपलाच सपोर्ट द्या. व्हॉल्व्हच्या पोटाखाली दिलेला एकुलता सपोर्ट तो निघाला की निरुपयोगी. चार इंची कास्ट स्टील गेट व्हॉल्व्हचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं, तेव्हा वर चेन ब्लॉक अडकवायला जागा आधीच ठेवा.

फ्लँजच्या मागे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना नट लागणारा बिनडोक्याचा बोल्ट, ओढून काढण्याइतकी मोकळी जागा लागते. चार इंची क्लास १५० चा स्टड ९० मिमी लांब असतो. तेव्हा फ्लँजला लागूनच पाईपचा क्लॅम्प, रेड्युसर किंवा दुसऱ्या लाईनचा फ्लँज आला तर स्टड निघणार नाही. इन्सुलेशनही तेवढं मागे थांबवा. नटाला २७ चा रिंग पाना लागतो, आणि तो फिरवायला हाताची जागा लागते. जमिनीखालच्या चेंबरमध्ये नेमकी हीच जागा खाल्ली जाते, कारण चेंबर व्हॉल्व्हनंतर बांधतात आणि गवंडी चिरे वाचवतो. फ्लँजच्या कडेपासून भिंत निदान ३०० मिमी लांब ठेवायला सांगा, आणि तळाला पाणी उपसायला खड्डा. पावसाळ्यात जांभ्यातून पाणी झिरपतंच, त्यामुळे त्या चेंबरमधले बोल्ट चार महिने पाण्यात असतात असंच धरून चाला.

सहावी पायरी: बोल्ट, म्हणजे इथल्या हवेचा प्रश्न

घाटावरच्या कारखान्यातून आलेला माणूस इथे पहिल्या पावसानंतर चकित होतो. किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर मीठ येतं. लोटे-महाड समुद्रापासून आत आहेत, पण तिथे पावसाची ओल आणि रासायनिक वाफा आहेत. साधा काळा बोल्ट दोन्हीकडे टिकत नाही.

गंजलेला नट जवळून बघा. त्याच्या बैठकीपाशी फारसं काही झालेलं नसतं. अडवतो तो नटाबाहेर उरलेला स्टडचा तुकडा. त्यावरचे आटे गंजाने भरून फुगलेले असतात, आणि नट त्यावरून यायचा म्हटला की दोन फेऱ्यांत अडकतो, मग त्याचे कोपरे गोल होतात. म्हणून स्टड नटाबाहेर दोन-तीन आटेच ठेवा. ‘लांब आहे तो लावून टाकू’ म्हणून बोटभर बाहेर ठेवू नका. ठेवावाच लागला तर ग्रीस भरलेली प्लॅस्टिकची टोपी चढवा.

माल निवडताना: कार्बन स्टीलच्या लाईनीला बी७ दर्जाचे स्टड आणि २एच दर्जाचे नट, गरम झिंकचा थर दिलेले किंवा पीटीएफई कोटिंगचे. झिंकचा थर जाड असल्याने नटाचे आटे थोडे मोठे पाडलेले लागतात, त्यामुळे स्टड आणि नट एकाच ठिकाणाहून जोडीने घ्या. स्टेनलेसचे स्टड गंजाला चांगले, पण आवळताना आट्याला आटा चिकटून कायमचे बसतात. त्यांना निकेल किंवा मॉलिब्डेनमची अँटी-सीझ पेस्ट लावल्याशिवाय हात लावू नका. किनाऱ्यालगत ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवर तांबूस डाग पडतातच, ३१६ बरा. तांब्याची पेस्ट अमोनियाजवळ चालत नाही.

फ्लँजच्या कडेला आणि भोकांच्या आत जोडणीआधीच रंग मारून घ्या, गॅस्केटचं तोंड सोडून. नंतर ब्रश तिथे पोचत नाही. चेंबरमधल्या जोडांना आवळून झाल्यावर पेट्रोलेटम टेप गुंडाळा. हात मेणचट होतात, फिटर कुरकुरतात, पण पाच वर्षांनीही नट पान्याने सुटतो.

दोन इंचांच्या खाली

इथे फ्लँजचा हट्ट धरू नका. आट्याचा व्हॉल्व्ह असेल तर शेजारी युनियन (नट फिरवून सुटणारा जोड) टाका, नाहीतर अख्खी लाईन फिरवावी लागते. त्याहून चांगला म्हणजे थ्री-पीस बॉल व्हॉल्व्ह: टोकं पाईपला जोडलेलीच राहतात आणि मधला तुकडा बाहेर येतो. आंब्याच्या पल्पच्या लाईनीत तर रोज धुलाई असते, तिथे क्लॅम्पचे सॅनिटरी जोडच बरे.

सातवी पायरी: हायड्रोटेस्टच्या आधी एकदा काढून बघा

हायड्रोटेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. त्याआधी, वेल्डर आणि क्रेन जागेवर असतानाच प्रत्येक गोल केलेला व्हॉल्व्ह एकदा बाहेर काढून परत बसवा. कंत्राटदार वैतागेल, वैतागू द्या. बोल्ट सुटताच फ्लँज उडी मारून सरकले तर लाईन ताणून बसवलेली आहे. जुळणीचं माप एएसएमई बी३१.३ मध्ये दिलंय: दोन तोंडं २०० मिमीला १ मिमीपेक्षा जास्त तिरपी नकोत आणि भोकांत ३ मिमीपेक्षा जास्त सरक नको. याहून जास्त असेल तर कापून पुन्हा वेल्ड. आवळताना समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून घ्या: पहिल्या फेरीत साधारण ३० टक्के जोर, मग ६०, मग पूर्ण, आणि शेवटी गोल फिरून एकदा.

पुढे खरंच काढायची वेळ आली की परमिट, लॉकआउट-टॅगआउट (पंप-व्हॉल्व्ह बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), ड्रेन आणि व्हेंट उघडे, दाबमापकावर शून्य. शून्य दिसलं तरी आत दाब नाही असं मानू नका. आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करा, काढू नका. आत काही उरलं असेल तर त्या बाजूने जाईल. मग स्प्रेडर लावा. छिन्नीने तोंडावर ओरखडा पडला तर नवं गॅस्केटही गळेल. नट अडला तर नट स्प्लिटर (नट चिरून काढायचं हत्यार) वापरा, ग्राइंडर फक्त ज्वालाग्राही वायू नसल्याची तपासणी करून.

नवी गॅस्केटं, दोन-चार जादा स्टड आणि स्प्लिटर हाती आल्याशिवाय जुना जोड उघडूच नका. गणपतीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. त्या दिवसांत दुकान बंद असतं आणि फिटर गावी गेलेला असतो.